तेलाच्या विहिरीतलं पाणी: कुठलं अडवायचं, कुठलं येऊ द्यायचं

जगभरातल्या तेलविहिरींचा एकत्र हिशेब मांडला, तर तेलाच्या एका पिंपामागे साधारण तीन ते चार पिंपं पाणी वर येतं. पिंप म्हणजे १५९ लिटर. जुन्या झालेल्या क्षेत्रांत हे प्रमाण एकास दहाच्याही पुढे जातं. त्यामुळे तेलाच्या धंद्यातला बराचसा खटाटोप पाण्याचाच असतो: ते उपसायचं, तेलापासून वेगळं करायचं, स्वच्छ करायचं आणि कुठेतरी नीट मार्गी लावायचं.

खानदेशात हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. धुळे-नंदुरबारकडे एका बोअरला पाणी लागलं नाही म्हणून शेतकरी दुसरी मारतो, तिसरी मारतो, कर्जात जातो. आणि इथे पाणी येऊ नये म्हणून लाखो रुपये खर्च होतात! अमळनेरकडचे आमचे एक नाना, सगळा जन्म शेतीत गेलेला माणूस, हे सगळं ऐकून म्हणाले, "पानी येस ते येऊ दे भाऊ, तेल बी येस ना?"

नानांचा प्रश्न अगदी रास्त आहे. विहिरीत येणारं सगळंच पाणी वाईट नसतं. काही पाणी येऊच द्यावं लागतं, कारण ते अडवलं तर त्याच्याबरोबरचं तेलही अडतं. काही पाणी मात्र तेलाचा एक थेंबही न ढकलता आडवाटेने विहिरीत शिरतं. या दोहोंतला फरक ओळखणं हे या विषयाचं मर्म आहे. पाणी अडवण्याचे जे उपाय फसतात, ते बहुतेक वेळा औषध वाईट म्हणून फसत नाहीत. निदानच झालेलं नसतं म्हणून फसतात.

तेल असतं कुठे, आणि पाणी येतं कुठून

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं असतं ही समजूत आधी बाजूला ठेवू. नंदुरबारहून नवापूर, सोनगड करत गुजरातेत उतरलं आणि तापी ओलांडून पुढे गेलं, की नर्मदेच्या अलीकडे अंकलेश्वर लागतं. खानदेशातली कितीतरी पोरं त्या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला आहेत. १९६० साली तिथे तेल लागलं आणि पंडित नेहरूंनी पहिल्या विहिरीला 'वसुधारा' हे नाव दिलं. आपण ज्या काळ्या पाषाणावर विहिरी खोदतो, तोच दख्खनचा बसाल्ट अंकलेश्वर ज्यात येतं त्या खंभातच्या खोऱ्यात काही किलोमीटर खोल दबलेला आहे. त्याच्यावर पुढच्या कोट्यवधी वर्षांत वाळू आणि चिखलाचे थर साचत गेले. त्यातल्या वाळूच्या थरांत, दाण्या-दाण्यांमधल्या बारीक पोकळ्यांत, अंकलेश्वरचं तेल आहे. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्राचं तेल चुनखडकात आहे, पण तिथेही ते अशाच पोकळ्यांत आणि भेगांत भरलेलं आहे.

या पोकळ्यांत तेलाच्या आधीपासून पाणी होतं. तेल नंतर आलं आणि हलकं असल्याने वर चढून बसलं. म्हणून तेलाच्या थराखाली आणि कडेला पाणी असतंच, आणि तेलाच्या थरातही दाण्यांना चिकटून थोडं पाणी राहिलेलं असतं. हे पाणी बहुधा खारं असतं, कधी समुद्राच्या पाण्याहूनही खारं.

आता विहिरीतून तेल काढायला लागलो की खडकातला दाब उतरतो. खालचं आणि बाजूचं पाणी ती जागा भरायला पुढे सरकतं आणि सरकताना समोरचं तेल विहिरीकडे ढकलतं. हा पाण्याचा रेटा म्हणजे फुकट मिळालेली ताकद आहे. जिथे तो पुरेसा नसतो, तिथे वेगळ्या विहिरींतून मुद्दाम पाणी आत सोडतात, त्यांना इंजेक्शन विहिरी म्हणतात. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये तिथून तेल निघू लागलं आणि १९८४ पासून तिथे समुद्राचं पाणी खडकात भरलं जातंय. तेल ढकलत ढकलत शेवटी विहिरीपर्यंत पोचलेलं पाणी तेलाच्या जोडीनेच येणार. ते येऊ द्यायचं.

वाईट पाणी ओळखण्याची कसोटी मी अशी सांगतो: हे पाणी बंद केलं तर आपलं तेल कमी होईल का? नाही, असं खात्रीने म्हणता आलं तर ते पाणी अडवण्याच्या लायकीचं.

बाटलीतला नमुना आणि टक्केवारीचा चकवा

विहिरीचं आरोग्य रोज एका साध्या नमुन्यावर कळतं. विहिरीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या व्हॉल्व्हमधून द्रव बाटलीत घेतात. सुरुवातीला तो सगळा सारखाच तपकिरी दिसतो, पाणी कुठे नि तेल कुठे कळत नाही, कारण पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकून घट्ट मिश्रण झालेलं असतं. त्यात ते मिश्रण फोडणारं रसायन घालून, खुणा केलेल्या काचेच्या नळीत तो सेंट्रिफ्यूजवर फिरवतात. मग तळाला चिमूटभर वाळू आणि गाळ, त्यावर पाणी, पाण्याच्या डोक्यावर चॉकलेटी रंगाची न फुटलेल्या मिश्रणाची पट्टी आणि सगळ्यांत वर काळंभोर तेल असे थर दिसतात. पाण्याची खूण वाचायची. शंभर भागांत पाणी किती, तो विहिरीचा वॉटर कट.

या आकड्याने भलेभले फसतात. समजा एका विहिरीतून दिवसाला १०० घनमीटर द्रव येतो आणि वॉटर कट ९० टक्के आहे. म्हणजे तेल १०, पाणी ९०. तो ९५ टक्के झाला. ऐकायला पाच टक्क्यांचाच फरक, पण तेल १० वरून ५ वर आलं, म्हणजे उत्पन्न निम्मं झालं. एका घनमीटर तेलामागे पूर्वी ९ घनमीटर पाणी हाताळावं लागत होतं, आता १९.

उलट बाजूनेही बघा. त्याच ९० टक्क्यांच्या विहिरीत ५० घनमीटर पाणी फुटक्या केसिंगमधून, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीतून, येत होतं आणि ते बुजवलं. आता द्रव ५०, त्यात तेल १० आणि पाणी ४०. वॉटर कट ८० टक्के. तेल थेंबभरही वाढलं नाही, म्हणून वरवर बघणारा म्हणेल की काम वाया गेलं. पण पंपाला निम्माच द्रव उचलायचा आहे, वीज वाचली, वेगळं करण्याचं रसायन वाचलं, ५० घनमीटर खारं पाणी रोज मार्गी लावायची कटकट गेली. शिवाय विहिरीच्या तळाचा दाब आणखी उतरवता येतो आणि त्यामुळे मागाहून तेलही वाढू शकतं. पाणी आटोक्यात आणणं म्हणजे लगेच जास्त तेल, असं समीकरण डोक्यात धरून बसू नये.

पाणी इतकं सहज पुढे का घुसतं? याचं उत्तर १८५६ मधलं आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने जातं ते मोजलं आणि त्यावरून प्रवाहाचा नियम बसवला. पुढे त्यातच द्रवाच्या घट्टपणाचाही हिशेब आला. खडक जितका मोकळा आणि दाबातला फरक जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. द्रव जितका घट्ट, तितका प्रवाह कमी. पाणी बहुतेक तेलांपेक्षा पातळ असतं. उत्तर गुजरातेत मेहसाण्याकडच्या बालोलसारख्या क्षेत्रात तेल पाण्याहून शेकडो पट घट्ट आहे. तिथे पाणी सरळ आघाडी धरून तेल ढकलत नाही, मधूनच बोटांसारखे फाटे फोडून पुढे निसटतं. आणि एकदा वाट मिळाली की त्या वाटेवरच्या पोकळ्यांत पाण्याचं प्रमाण वाढत जातं, तसतशी ती वाट पाण्याला अधिकच सोपी आणि तेलाला अवघड होत जाते. म्हणून पाणी वाढायला लागल्यावर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणं महागात पडतं.

दुखणं कुठलं, ते आधी शोधा

सगळ्यांत सोपं दुखणं केसिंगचं. बोअर मारणाऱ्या कोणालाही हे लगेच समजेल. वरच्या मातीच्या थरातलं गढूळ पाणी आत येऊ नये म्हणून आपण केसिंग टाकतो, आणि ते तडकलं किंवा नीट बसलं नाही तर खालचं पाणी कितीही चांगलं असलं तरी मोटर गढूळच ओढते. तेलाच्या विहिरीत पोलादी केसिंग तळापर्यंत नेतात आणि केसिंग व खडक यांच्यामधली जागा सिमेंटने भरतात. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून पोलाद गंजतं, छिद्र पडतं आणि भलत्याच थरातलं पाणी आत येतं. कधी केसिंग शाबूत असतं, पण मागचं सिमेंट नीट बसलेलं नसतं आणि त्या फटीतून पाण्याच्या थरातलं पाणी तेलाच्या थरापर्यंत सरकत येतं. हे पाणी शंभर टक्के वाईट. याने एकही थेंब तेल ढकललेलं नसतं.

दुसरं दुखणं थरांचं. एकाच विहिरीत, केसिंगला मुद्दाम छिद्रं पाडून, चार वाळूचे थर उघडलेले असतात आणि त्यातला एक इतरांपेक्षा फारच मोकळा असतो. आत सोडलेलं पाणी त्याच थरातून धावत येतं आणि बाकीच्या थरांतलं तेल जागच्या जागी राहतं. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: त्या थराच्या वर-खाली चिकणमातीचा, पाणी न झिरपू देणारा पडदा आहे का? पडदा असेल तर पाण्याचा थर सिमेंटने बंद केला की काम फत्ते. पडदा नसेल, तर विहिरीच्या तोंडाशी अडवलेलं पाणी दोन हातांवरून वळसा घालून वरच्या थरातून पुन्हा आत येतं. अशा ठिकाणी सिमेंट ओतणं म्हणजे पैसा जमिनीत पुरणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं दुखणं शंकूचं. तेलाच्या खाली पाणी बसलेलं आहे आणि विहीर वरून जोराने तेल ओढते. ओढीमुळे पाण्याची सपाट पातळी विहिरीखाली फुगून वर चढते आणि शेवटी टोक विहिरीला टेकतं. गुरुत्व पाण्याला खाली ओढत असतं, पण तेल आणि पाण्याच्या जडपणात फरक थोडाच असल्याने ती ओढ दुबळी पडते. हेच शास्त्र पाण्याच्या विहिरींनाही लागू आहे. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा मुक्ताईनगरपासून फार लांब नाही. जिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, तिथे हावरेपणाने उपसा केला की खारं पाणी असंच वर चढतं. उपसा कमी केला की शंकू उतरतो. तेलविहिरीतही ओढ कमी करून पाणी टाळता येतं, पण ती मर्यादा पुष्कळदा इतकी खाली असते की तेवढ्या तेलात विहीर परवडत नाही. काही महिने विहीर बंद ठेवली तर शंकू बसतो, पण पुन्हा सुरू केल्यावर तो पहिल्यापेक्षा लवकर चढतो, कारण वाट भिजलेली असते. विहिरीभोवती जेलचा, म्हणजे आत गेल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनाचा, छोटासा थर घालूनही फारसा उपयोग नाही, पाणी त्याला वळसा घालतं. न्यू मेक्सिको टेकचे संशोधक रँडी सीराइट यांनी पाण्याच्या दुखण्यांची सोप्यापासून अवघडाकडे अशी प्रतवारी लावली आहे. तिच्यात केसिंगची गळती सोप्यांत येते आणि साध्या खडकातला शंकू सर्वांत अवघडांत.

चौथं दुखणं भेगांचं, आणि हे चुनखडकात फार. एखादी भेग विहिरीला थेट पाण्याच्या साठ्याशी किंवा इंजेक्शनच्या विहिरीशी जोडते, आणि आत सोडलेलं पाणी खडकात न शिरता भेगेतून सरळ बाहेर येतं.

पण दीड-दोन किलोमीटर खोल काय चाललंय हे वर बसून कसं कळणार? पहिला पुरावा विहिरीच्या जुन्या नोंदवहीत असतो. पाणी एका रात्रीत उसळलं असेल तर संशय केसिंगवर किंवा भेगेवर. महिनोन्‌महिने हळूहळू चढलं असेल तर शंकूवर, नाहीतर बाजूने सरकत आलेल्या पाण्यावर. १९९५ मध्ये के. एस. चॅन यांनी यासाठी आलेखाची एक पद्धत मांडली. पाणी आणि तेल यांचं गुणोत्तर आणि त्या गुणोत्तराच्या वाढीचा दर, दोन्ही काळासमोर मांडायचे. वाढीचा दर उतरत गेला तर शंकू, चढत गेला तर मोकळा थर. पद्धत उपयोगी आहे, पण केवळ तिच्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. नोंदवहीतून संशय येतो, खात्री दुसरीकडून करावी लागते.

दुसरा पुरावा खुद्द पाणीच देतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. खडकातल्या मूळच्या पाण्यात ते सहसा कमी, आणि कॅल्शियम, बेरियमसारखी मूलद्रव्यं जास्त असतात. विहिरीतल्या पाण्यात सल्फेट वाढायला लागलं की समजायचं, आत सोडलेलं समुद्राचं पाणी पोचलं. ही दोन पाणी एकत्र आल्यावर बेरियम सल्फेटचा दगडासारखा कडक थर नळ्यांत बसतो आणि तो साध्या आम्लाने निघत नाही, हा त्यातला वेगळाच त्रास.

तिसरा पुरावा विहिरीत उतरून आणावा लागतो. तारेला बांधलेलं, हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचं उपकरण विहिरीत सोडतात. त्याच्या टोकाला छोटं पातं असतं. द्रव जिथून आत येतो त्या खोलीच्या वर पातं जोरात फिरतं, खाली मंद. प्रत्येक मीटरला फेरे मोजत गेलं की कुठला थर किती देतो ते कळतं. सोबत तापमान मोजतात: खोलवरून आलेलं पाणी जास्त गरम असतं, त्यामुळे केसिंगच्या मागून वर सरकणारं पाणी तिथे पकडलं जातं. सिमेंट पोलादाला नीट चिकटलंय का, हे ध्वनिलहरींनी तपासतात. या तपासण्यांना खर्च येतो, विहीर थोडा वेळ अडकते, म्हणून त्या टाळण्याकडे कल असतो. मला ही काटकसर अजिबात पटत नाही. चुकीच्या थरात ओतलेलं सिमेंट परत काढण्याचा खर्च तपासणीहून कितीतरी मोठा असतो.

दुखण्याप्रमाणे औषध

निदान पक्कं झालं की उपाय बराचसा आपोआप ठरतो. केसिंगला मोठं छिद्र असेल तर वर्कओव्हर रिग, म्हणजे विहीर दुरुस्तीचं यंत्र, आणून दाबाने सिमेंट भरतात, याला सिमेंट स्क्वीझ म्हणतात. सगळ्यांत खालचा थर पाणी देत असेल तर त्याच्या वर केसिंगमध्ये प्लग, म्हणजे डाट, बसवून खालचा भाग तोडून टाकायचा, हे स्वस्त आणि खात्रीचं. मधला थर असेल तर दोन बाजूंना पॅकर, म्हणजे केसिंगमध्ये फुगून घट्ट बसणारे अडसर, लावून तो वेगळा काढायचा.

सिमेंटचे कण जिथे शिरू शकत नाहीत अशा बारीक फटींसाठी आणि भेगांसाठी जेल वापरतात. पॉलिअॅक्रिलामाइड नावाचं लांब साखळीचं रसायन पाण्यात विरघळवतात आणि त्यात क्रोमियम अॅसिटेट घालतात. सोडताना ते वाहतं असतं. आत गेल्यावर, तिथल्या उष्णतेप्रमाणे काही तासांत किंवा दिवसांत, क्रोमियम त्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि थलथलीत जेल तयार होतं. भेगांमध्ये हे चांगलं बसतं, कारण घट्ट होऊ लागलेलं जेल भेगेतून पुढे जातं आणि बाजूच्या खडकात फारसं शिरत नाही. तिथलं तेल मोकळं राहतं. काही जेल पाण्याची वाट तेलाच्या वाटेपेक्षा जास्त आवळतात हेही खरं आहे. त्यामुळे 'फक्त पाणी अडवणारं, तेल सोडणारं रसायन' अशी जाहिरात होते. मात्र तेल आणि पाणी दोन्ही देणाऱ्या साध्या वाळूच्या थरात ते सरसकट ओतलं, तर पाण्याबरोबर तेलही घटतं. थर वेगळा न काढता असं रसायन ओतायला माझा तरी कौल नाही.

काही दुखणी विहिरीजवळ बरी होत नाहीत. पाणी तेलाला ओलांडून पुढे पळत असेल तर पाण्यालाच घट्ट करावं लागतं. राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, २००९ मध्ये सुरू झालं, आणि पुढे तिथे आत सोडायच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचं रसायन, मिसळलं जाऊ लागलं. घट्ट झालेलं पाणी फाटे न फोडता तेलाला एकसारखं पुढे ढकलतं.

विहीर खोदतानाच काळजी घेतली तर पुढचं बरंच टळतं. खाली जाऊन थरातून आडव्या वळवलेल्या विहिरीत वळणाजवळच्या टोकाशी ओढ जास्त असते, म्हणून पाणी आधी तिथे येतं. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात तेलाचा थर पातळ होता. तिथे १९९० च्या दशकात आडव्या नळीवर जागोजागी प्रवाहाला अडथळा करणारी उपकरणं बसवली आणि ओढ सगळ्या लांबीवर वाटून दिली. आज ही पद्धत जगभर रूढ आहे.

वर आलेल्या पाण्याचं काय

एवढं करूनही पाणी येतंच, आणि ते नीट मार्गी लावणं ही जबाबदारी आहे. त्यात मीठ असतं, तेलाचे सूक्ष्म थेंब असतात, कधी हायड्रोजन सल्फाइड असतो. ते काळ्या जमिनीवर सांडलं तर सोडियममुळे मातीची कणरचना मोडते, पाणी झिरपणं थांबतं आणि शेत वर्षानुवर्षं चोपण होऊन पडतं. चोपण जमीन सुधारायला किती जिप्सम आणि किती वर्षं लागतात, हे खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून या पाण्यातलं तेल काढून, ते गाळून, गंज आणि जिवाणू आटोक्यात ठेवून बहुतेक ठिकाणी परत त्याच तेलाच्या थरात सोडतात. तिथे ते दाब टिकवतं, म्हणजे पुन्हा चांगल्या पाण्याचं काम करतं. मात्र गाळण नीट झाली नाही तर त्यातला गाळ इंजेक्शन विहिरीचं तोंडच बुजवतो.

विहिरीतून येणाऱ्या तेलाची किंमत पाणी उपसण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या खर्चाइतकी झाली की तिचं तेलविहीर म्हणून आयुष्य संपतं. तेव्हाही आधी वरचा एखादा न उघडलेला थर शिल्लक आहे का ते बघतात. जागा सोयीची असेल तर तिलाच इंजेक्शन विहीर करतात. तेही शक्य नसेल तर उघडलेल्या थरांसमोर आणि वर ठरावीक खोलीवर सिमेंटचे डाट बसवून ती कायमची बंद करतात, म्हणजे खालचं खारं पाणी आणि उरलेलं तेल तिच्या वाटेने वरच्या गोड्या पाण्याच्या थरांत चढणार नाही.